आईच्या जागी

मथुराबाईंनी आणखी एक पुरणपोळी मागितली. अर्पितानं वाढली, पण वर तूप मुद्दाम कमी घातलं.

"सोड की अजून," मथुराबाई म्हणाल्या. "हरणाबाईच्या नावानं जेवायलेय मी. तिच्या वाट्याचं तरी सोड."

अर्पितानं तूप सोडलं. अविधवा नवमीला, नवरा मागं ठेवून गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवते. आई, हरणाबाई, गेल्यानंतरची ही पहिलीच नवमी. तिच्या जागी पाटावर बसायला वडिलांनी शेजारच्या मथुराबाईंना बोलावलं होतं.

"दुसरी कुणी सवाष्ण मिळाली नाही का, आप्पा?" सकाळी तिनं विचारलं होतं.

"दोघी एकाच एस्टीनं सोलापूरला जायच्या. शेजारशेजारच्या खाटंवर सलाईन घ्यायच्या. दुसऱ्या कुणाला बोलवू?"

दोघींना स्तनाचा कर्करोग, दोघींना औषधही एकच. तरी मथुराबाई वाचल्या, आई गेली. असं का झालं, ते डॉक्टरांनी अर्पिताला नंतर समजावलं होतं. पेशीच्या आत निरोप पोचवायच्या वाटा असतात. कुठली चालू, कुठली बंद, हे पेशीतली जनुकं ठरवतात. मथुराबाईंच्या गाठीत औषधाचा 'मर' हा निरोप पोचला. हरणाबाईंच्या गाठीत दुसरीच वाट चालू होती. ती पेशींना 'जग' म्हणून सांगत राहिली. "तपासणीत हे कधी कधी आधी कळतं," डॉक्टर म्हणाले होते, "पण कळलं म्हणून दुसरं औषध हाताशी असतंच असं नाही."

एखाद्या गाठीचासुद्धा हेवा वाटू शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

जेवण झालं. अर्पितानं मथुराबाईंना हळदीकुंकू लावलं आणि आईची हिरवी इरकल त्यांच्या ओटीत घातली.

मथुराबाईंनी काठावरून बोट फिरवलं. "ह्या लुगड्यावर माझा लई डोळा होता. तिला म्हाईत होतं. मुद्दाम हेच नेसून यायची दवाखान्यात." त्या हसल्या. अर्पिता हसली नाही.

"गजरा राहिला," आप्पा दारातून म्हणाले.

मथुराबाईंनी डोक्यावरचा पदर मागं घेतला. दुखण्यानंतर अर्पितासमोर पहिल्यांदाच. केस आले होते. बोटभर, काळेभोर, कुरळे. पूर्वी ते सरळ होते. आईच्या डोक्यावर शेवटपर्यंत नुसती लव होती.

शेवंतीचा गजरा त्या आखूड केसांत अडकेना. अर्पितानं पिन खुपसली आणि केसांसकट ओढली, गरजेपेक्षा जास्त जोरात.

"आई गं!"

"लागलं, काकू?"

"लागलं की." मथुराबाईंनी मान मात्र वळवली नाही. "तवा लागत नव्हतं. नुसता हात लावला की पुंजका निघून यायचा. माझ्या पाठीवरचे तुझी आई झाडायची, तिच्या पाठीवरचे मी."

अर्पिताचा हात केसांतच राहिला.

"ओढ तू," मथुराबाई हळूच म्हणाल्या. "आता निघत न्हाईत."

अर्पितानं मूठ आवळली आणि पुन्हा एकदा ओढलं. मग मूठ उघडून पाहिली. तळहातावर शेवंतीची एक पाकळी होती. केस एकही नव्हता.