त्याच नावाची दुसरी मर्यादा

मोजपात्रात तासाभरात बारा मिलिलिटर पाणी जमलं होतं. सलाइन-पंपाच्या पडद्यावर मात्र ‘तासाला कमाल पाच’ असं होतं. मृण्मयीने मुद्दाम बारा टाकून पाहिलं होतं, आणि पंपाने नवव्यांदाही तिला अडवलं नव्हतं.

चूक तिचीच होती. मोठ्यांच्या पंपाच्या मूळ प्रोग्रामवरून, म्हणजे पेरेंट क्लासवरून, तान्ह्या बाळांच्या पंपासाठी सबक्लास हा पोटप्रोग्राम लिहिताना तिने पेरेंटमधली मर्यादा बदललीच नाही, त्याच नावाची दुसरी लिहिली. पडदा तिची मर्यादा दाखवत होता, वेग तपासणारं पेरेंटमधलं फंक्शन मात्र मोठ्यांचीच वाचत होतं.

“‘सुपर’ हा शब्द लिहून थेट पेरेंटची मर्यादा बदल, एका ओळीचं काम,” शेजारचा शार्दूल पुटपुटला. “गुरुवारच्या अपडेटमध्ये हॉस्पिटलांतल्या पंपांत गुपचूप जाईल. उगाच पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?”

“आणि तोवर?”

“नर्स असतात की लक्ष ठेवायला.”

चार दिवस तीही स्वतःला हेच बजावत होती. पण आकडा चुकला तर पंप अडवेल, याच भरवशावर त्या नर्स होत्या.

तिने साहेबांना फोन लावला. “सर, बाळांचे पंप घेतलेल्या एकोणीसही हॉस्पिटलांना आत्ता कळवा, आपले पंप काढून दुसरे लावा म्हणावं. चूक माझी आहे.”