वर केलेली मूठ

चारशे मीटरच्या शर्यतीत मी सगळ्यांच्या पुढे होते, आणि शेवटच्या पांढऱ्या रेषेच्या जरा अलीकडे गपकन थांबले. तीन मुली मला मागे टाकून गेल्या. चारशेसाठी जिल्ह्याच्या संघात जायची माझी संधी हुकली.

"पोटरीत गोळा आला का गं?" आमच्या खेळाच्या गेडाम सरांनी विचारलं.

"नाही सर, बाबांनी मूठ वर केली."

सरांना काहीच कळेना. माझे बाबा गडचिरोलीच्या सी-साठ कमांडो पथकात आहेत. जंगलात नक्षलवाद्यांच्या मागावर असताना बोलायचं नसतं, सगळं हातानं सांगतात. मूठ वर म्हणजे जागच्या जागी थांब. घरी आमचा लहानपणापासून तोच खेळ, आणि त्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही.

बाबा कुंपणापाशी तोंड पाडून उभे होते. "बाकीचे बाप मुठी वर करून पोरींना जोर देत होते माय, म्हणून म्या पण केली." मग हळूच म्हणाले, "पण काय थांबलीस वो. आमच्या कमांडो पार्टीतले नवे पोट्टे पण इतके झटकन थांबत नाहीत."

दुपारी आठशे मीटरला त्यांनी दोन्ही हात खिशात कोंबले आणि ओरडायचं ठरवलं. मी पहिली आले. बाबांना ओरडायची सवयच नाही, त्यांचा घसा पहिल्याच फेरीत बसला होता. शाब्बास त्यांनी माझ्या कानाशी येऊन म्हटलं.