तुमचीच समजा

सायकलिंगमध्ये नवखा असलेला हैसम अम्मानच्या जुन्या बाजारातून माउंटन बाइकची रंगवलेली फ्रेम घेऊन आला. कंपनी ओळखायला त्याने ती शेजारच्या अबू सुहैबना दाखवली. नळीवरच्या पोच्यावर त्यांचं बोट थबकलं.

"झकास आहे रे."

"आवडली? मग तुमचीच समजा, काका. घेऊन जा!" ते नको म्हणणार हे गृहीत धरून तारीफ झालेली वस्तू देऊ करायच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे हैसम म्हणाला.

"नको, बाळा. तुला लखलाभ."

घरी त्याने पोच्याजवळचा रंग खरवडला, तर खाली कोरलेलं नाव निघालं: सुहैब. अबू सुहैबच्या मुलाचं नाव. म्हणजे ही त्याची मागे चोरीला गेलेली सायकल!

फ्रेम घेऊन तो त्यांच्या दारात उभा राहिला. मान वर होईना.

"काका, ही तर तुमचीच..."

"तू दिलीस, मी नको म्हटलं. विषय संपला," अबू सुहैब म्हणाले. "फक्त जिन्यात ठेवू नकोस. तिथनं चोरीला जाते."