पुलाच्या मध्यापर्यंत

"मध्यापर्यंतच," रुटेंडो म्हणाली. "पुलाचा मध्य आला की मी बाजूला होणार. माझ्या जागी दुसरं कुणी तयार ठेवा."

कॅथल गॉर्मलीने शवपेटीवरून तिच्याकडे पाहिलं. पेटीत त्याचा चुलता होता. पॅकी, वय शहाऐंशी. परवा पहाटे इथे स्ट्रबॅनच्या वृद्धाश्रमात वारला. कबर नदीपलीकडे लिफर्डला, बायकोच्या शेजारी. पायी वीस मिनिटं.

"वचन कुणी दिलं होतं?" कॅथल म्हणाला. "सगळ्या आश्रमाला सांगत सुटला होता म्हातारा. रुटेंडो मला खांदा देणार, थेट कबरीपर्यंत. आणि तू त्याला अर्ध्यात सोडणार?"

"माझ्याकडे व्हिसा नाही."

"कसला व्हिसा? अगं, मी दिवसातून दोनदा जातो पलीकडे. पेट्रोलला जातो, पावाला जातो. वीस वर्षांत कुणी मला नाव विचारलं नाही."

"तुला नाही विचारत," रुटेंडो म्हणाली.

कॅथलच्या बायकोने उगाच चहाचे कप गोळा केले.

रुटेंडो झिंबाब्वेची. आश्रमात चार वर्षं म्हाताऱ्यांची सेवा करत होती. तिचा व्हिसा ब्रिटनचा, म्हणजे नदीच्या मध्यापर्यंत चालणारा. पुढे आयर्लंड, दुसरा देश. गावच्या लोकांना सीमेची खबर एवढीच, की रस्त्यावरच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर जातात. आयर्लंडच्या व्हिसाला आठ आठवडे लागतात. आयरिश माणसाला तिसऱ्या दिवशी पुरतात.

वर्षभराने तिला कायमच्या परवान्यासाठी अर्ज करायचा होता. मग नऊ वर्षांच्या मुलीला मुटारेहून आणता येणार होतं. अर्जात एक प्रश्न असतो: परवानगीशिवाय कधी कोणत्या देशात गेला आहात का? त्याचं उत्तर खरं देता यावं, म्हणून ती चार वर्षं अलीकडच्या काठावर राहिली. वचन दिलं तेव्हा तिला वाटलं होतं, पॅकी एवढं वर्ष काढेल, मग पलीकडच्या व्हिसाचंही बघता येईल.

पॅकीला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. व्हिसाचं नाव काढलं की लोकांचे चेहरे बदलतात, हे तिनं पाहिलं होतं. रविवारी ती त्याची चाकाची खुर्ची ढकलत नेई आणि पुलाच्या तोंडाशी वळवी. कधी वाऱ्याचं निमित्त, कधी गुडघ्याचं.

"भांडणं पुरल्यानंतर," डीनीबाई म्हणाल्या. अंत्यविधीचा त्यांचा पिढीजात धंदा. "उंचीप्रमाणे उभे राहा. वाकडी पेटी मी रस्त्यावर काढत नाही."

उंची जुळली ती नेमकी कॅथल आणि रुटेंडोची. दोघं पुढे. रिवाजाप्रमाणे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकावा लागला. दोघांनी तो टाकला, समोर बघत.

दर शंभर पावलांवर खांदेकरी बदलतात. मागचे चार बदलले, पुन्हा बदलले. रुटेंडो हलली नाही. म्हणून कॅथलही हलला नाही.

"बदल आता," तो पुटपुटला. "दमलीस."

"तू दमलायस."

"मी? मी गुरं वाहिलीत."

"मग गप चाल."

पुलाच्या दोन्ही टोकांना पोलिसांनी गाड्या थांबवल्या होत्या. एका ट्रकवाल्याने उतरून टोपी काढली. सीमेची पाटी पन्नास पावलांवर आली तसा रुटेंडोचा हात कॅथलच्या कोटात रुतला. तिची जागा घ्यायला एक भाचा पुढे सरकला.

"थांबा," डीनीबाई म्हणाल्या. त्यांच्या दोन माणसांनी रस्त्यात लाकडी घोड्या मांडल्या. "पेटी खाली ठेवा."

"इथे?" फादर म्हणाले.

"पॅकीचा हुकूम आहे. मार्चमध्ये माझ्याकडे देऊन गेला."

त्यांनी कोटातून कागद काढला आणि वाचला. आवाज त्यांनी नेहमीचाच ठेवला, यादी वाचावी तसा.

"'सातव्या दिव्याच्या खांबाशी मला खाली ठेवा. खरा मध्य तिथे आहे, पाटीपाशी नाही. मी तीस वर्षं या पुलावर जकातीच्या चौकीत काढली आहेत, मला शिकवू नका. पूल टाळणारं माणूस मी शंभर पावलांवरून ओळखतो. पोरीला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं. हे तिला आधी सांगू नका, लाजेनं यायचीच नाही. दफनाची प्रार्थना इथेच म्हणा. तिला कबरीपर्यंत येता येत नाही, तर कबरीनं थोडं पुढे यावं.'"

कॅथलने कागद मागितला, स्वतः वाचला आणि घडी घालून परत दिला.

"विधीच्या पुस्तकात हे बसत नाही, डीनीबाई," फादर हळूच म्हणाले.

"पुस्तकात पूलही नाही, फादर. सुरू करा."

लिफर्डच्या बाजूने कबर खणणारा ह्यूई चालत येत होता. अंगावर लग्नाकार्यातला कोट, हातात बादली. त्यानं ती पेटीशी ठेवली. पहाटे खणलेली माती, अजून ओली.

कॅथलचा हात सवयीने बादलीकडे गेला. मग त्यानं तो मागे घेतला.

"आधी तू," तो म्हणाला.

रुटेंडोने मूठ भरली. चार वर्षांत आयर्लंडची माती तिच्या हाताला पहिल्यांदाच लागत होती.