सोनेरी व्हीलचेअर

"अजून फिरतेच आहे," त्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइल मनवाच्या पुढ्यात धरला.

स्क्रीनवर सोनेरी व्हीलचेअर हळूहळू फिरत होती. तिच्या मागे कमळ उमलत होतं. ते पूर्ण उमललं की पाकळ्यांमधून बेड, वॉकर, ऑक्सिजनचं मशीन एकेक करून बाहेर यायचं आणि सगळ्यात शेवटी चौकशीचा फॉर्म.

"हॉस्पिटलात रेंज कमी असते," मनवा म्हणाली. "थोडं थांबलं की येतो फॉर्म."

"थांबले होते. तेवढ्यात भावाने दुसरीकडून बेड मागवलासुद्धा. मी फक्त बेडपॅन घ्यायला आलेय."

"दुसरीकडून म्हणजे?"

बाईंनी ते पान उघडून दाखवलं. पांढरंशुभ्र. वर ठळक अक्षरांत 'पेशंटसाठी बेड भाड्याने', खाली चार वस्तू, त्यांचं भाडं, आणि अंगठ्याएवढ्या आकड्यांत मोबाइल नंबर. दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही. 'परळ, लालबाग, दादर' एवढंच.

बेडपॅन कागदात गुंडाळताना मनवाने तो नंबर पाठ केला.

परळला हॉस्पिटलांच्या रस्त्यावरचं हे दुकान तिच्या बाबांचं. ते गेले तेव्हा मनवाने बँकेतली नोकरी सोडली आणि दुकान हातात घेतलं. भिंती रंगवल्या, काचेचा दरवाजा बसवला, हिशेब कॉम्प्युटरवर आणले, आईला दुकानाचे फोन उचलण्याच्या कटकटीतून मोकळं केलं, वेबसाइट केली. सुरुवातीला बरे फॉर्म यायचे. गणपतीनंतर ते कमी होत गेले. आता भाड्याचे बेड मागच्या खोलीत भिंतीला टेकवून उभे होते.

ते पांढरं पान तिने पुन्हा उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, हे आपण आधी पाहिलंय.

वेबसाइट नीलने केली होती. तिच्या कॉलेजातला मित्र. आता मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये नोकरी करायचा आणि सुट्टीत अशी कामं घ्यायचा. त्याने आधी एक साधं डिझाइन दाखवलं होतं. "हे तर पॅम्फ्लेट वाटतंय," मनवा म्हणाली होती. "काहीतरी हलतं पाहिजे रे." मग कमळ आलं.

तेच साधं डिझाइन आता तिच्यासमोर होतं. तीच अक्षरं, नंबराखाली तीच निळी रेघ.

तिने नीलला दुकानात बोलावलं.

"हे तू केलंस?"

नीलने पान बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. "असलं पान कोणीही करेल. एका दुपारचं काम."

"मी विचारलं, तू केलंस का?"

"मनवा, ते कमळ काढ. मी पहिल्यापासून सांगतोय. माणसं घाबरलेली असतात. त्यांना नंबर हवा असतो."

"कोणाचा नंबर?"

तो चहा अर्धा टाकून उठला. "मीटिंग आहे," म्हणाला.

लालबागच्या घरी जेवताना तिने आईला सांगितलं. दुर्गाबाई भाकरी वाढत होत्या.

"नील तसा मुलगा नाही," त्या म्हणाल्या.

"आपलंच गिऱ्हाईक पळवतोय, आणि माझ्याकडून पैसे घेऊन काढलेल्या डिझाइनवर. चोर आहे तो."

"चोर कशाला म्हणतेस. त्या कमळाचं काय ठरवलंस?"

"कमळ राहणार. आपल्याला लाज वाटावी असं काय आहे त्यात?"

आईने भाकरीचा डबा बंद केला. मनवा पुढचं बोलणार होती, पण थांबली. नील अधूनमधून घरी यायचा, आईचा मोबाइल नीट करून द्यायचा. आई भोळी. तिच्या तोंडून काहीतरी निघून गेलं असतं.

मग तिने नूपुरला गाठलं. नूपुर तिच्या बँकेतली, राहायला दादरला, नीलला ओळखत नव्हती. मनवाच्या घरीही कधी आलेली नव्हती. तिने त्या नंबरवर फोन करायचा, सासूबाईंसाठी बेड मागवायचा. बेड आला की मनवा तिथे हजर असणार होती.

"झालं काम," नूपुरने कळवलं. "उद्या दुपारी येतोय. फोन एका बाईने उचलला. किती विचारते गं ती. लिफ्ट आहे का, सासूबाई कुठल्या कुशीवर झोपतात, रात्री सोबत कोण असतं."

म्हणजे नीलने फोनवर बाई ठेवलीय, मनवाने ताडलं. धंदा चांगलाच वाढलेला दिसतोय.

दुसऱ्या दिवशी डीलरकडे ठाण्याला जाते, असं घरी सांगून ती नूपुरकडे जाऊन बसली. खाली टेम्पो थांबला. दोन माणसांनी बेड वर आणला, हॉलमध्ये लावला, उशाकडची बाजू वरखाली करून दाखवली. मनवाने वयाने मोठ्या माणसाला बाजूला घेतलं.

"नील तुमचा मालक ना?"

"नील कोण, माहीत नाही. माल माझा आहे, गोडाऊन कॉटन ग्रीनला. गिऱ्हाईक मॅडम देतात."

"मला मॅडमना भेटायचंय."

"त्या कुठे येत-जात नाहीत हो. पण बेड लागला की फोन जोडून द्यायचा, असं त्यांचं सांगणं असतं. प्रत्येक घरी. थांबा."

त्याने नंबर लावला आणि मोबाइल तिच्या हातात दिला. काय बोलायचं ते मनवाने कालपासून जुळवून ठेवलं होतं. डिझाइन कोणाचं, वकिलाची नोटीस कधी जाणार, सगळं. तिने फोन कानाला लावला.

"बेड नीट लागला का हो, ताई?" पलीकडून तिची आई विचारत होती.