खिडकीतली ताटली

जनावरांच्या डॉक्टरांच्या टेबलावर आमची ठमी मांजर शेपूटही न हलवता पडून होती. दोन दिवस जुलाब-उलट्या चालू होत्या. डॉक्टरांनी तिच्या पांढऱ्या पडलेल्या हिरड्या बघून विचारलं, "कांदा घातलेलं काही खाल्लं का? मांजरांना कांदा विषासारखा असतो."

"नाही. आम्ही तिला दूधभाताशिवाय काही देत नाही," मी म्हणाले.

माझ्यामागे उभे असलेले अण्णा मटकन बाकावर बसले.

आई गेल्यापासून ते रोज दुपारी तिच्या आवडीचं कांद्याचं थालीपीठ ताटलीत घालून खिडकीत ठेवायचे, "जेवून घे गं" म्हणायचे आणि आत जाऊन पडायचे. उठल्यावर ताटली रिकामी असायची. येईल त्याला ते सांगायचे, "ती येते. सगळं संपवते." कावळे नेत असतील असं मला वाटायचं, पण मी तसं कधी त्यांना बोलले नाही.

घरी आल्यावर त्यांनी तीच ताटली घासली आणि तिच्यात डॉक्टरांनी सांगितलेलं बिनमिठाचं उकडलेलं चिकन कुस्करून ठमीपुढे ठेवलं. तिने हुंगून तोंड फिरवलं.

"जेवून घे गं," अण्णा म्हणाले. खिडकी त्यांनी आधीच लावून घेतली होती.