सुईची जागा

"डोळे झाक. टोचलं की सांग," प्रीती मॅडम म्हणाल्या.

प्रेमनं डोळे झाकले. मॅडमनी टाचणी उजव्या पावलावर टेकवली. "टोचलं," तो लगेच म्हणाला. मग डाव्या पावलावर टेकवली. जरा दाबली. तळव्याला टोचली, घोट्याच्या बाहेरून वर पोटरीपर्यंत नेली. प्रेम गप्पच.

"टोचा की मॅडम," तो म्हणाला.

त्याची आई, बेबीनंदा, शेजारच्या बाकड्यावरून बघत होती. पोराच्या पावलावर रक्ताचा ठिपका आला होता.

अंबडच्या अपंग तपासणी शिबिरात ती त्याला पायाचा नवा पट्टा बघायला घेऊन आली होती. जुना तुटला होता, आणि पट्ट्याशिवाय प्रेमचं डावं पाऊल लोंबायचं, चालताना जमिनीला घासायचं.

"पोलिओ हाये त्याला," ती म्हणाली. "त्याच्या आजीनं डोस चुकवला."

हे वाक्य ती ज्याला त्याला सांगायची. दुकानात, लग्नात, शाळेच्या दारात.

"पोलिओत पायातली ताकद जाते, मावशी. टोचलेलं कळतं," मॅडम म्हणाल्या. "याला कळतच नाही." त्यांनी प्रेमला पालथं झोपवलं, पडदा ओढला आणि त्याच्या डाव्या कुल्ल्यावर बोट ठेवलं. "इथं वर, बाहेरच्या अंगाला, नुसतं जाड मांस असतं. सुई द्यायची ती इथं. आणि इथं खाली, मधोमध, मांसाच्या आतून अंगातली सगळ्यात जाड नस जाते. कमरेतून निघते ती पार पायाच्या बोटांपर्यंत. मांडीची मागची बाजू, पोटरी, पाऊल, सगळं तिच्यावर चालतं." त्यांचं बोट खाली सरकलं आणि थांबलं. "हा खड्डा बघा."

तो खड्डा बेबीनंदाच्या ओळखीचा होता. पोराला न्हाऊ घालताना तिचा हात कितीदा त्याच्यावरून फिरला होता.

"लहानपणी इथं सुई दिली होती का?"

"आठवत न्हाई," बेबीनंदा म्हणाली.

तिला सगळं आठवत होतं. प्रेम तेव्हा नुकता बोलायला लागला होता. रविवारी पोलिओचा डोस होता आणि ती अंकुशनगरकडं उसाच्या तोडीला गेली होती. लेकरू तापानं फणफणलेलं, म्हणून सासूनं, चांगुणाबाईनं, त्याला बाहेर काढलंच नाही. दुसऱ्या दिवशी बेबीनंदा तोडीवरून परत आली आणि स्वतः त्याला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाला, पातळ औषध देतो, उतरेल दोन दिवसांत. तिला दोन दिवस थांबायचं नव्हतं. टोळी तिच्यावाचून अडली होती. "औषधानं काय व्हतं? सुई द्या," ती म्हणाली. डॉक्टर नको नको म्हणत होता. तिनं हट्टच धरला. मग पोराला मांडीवर पालथं घातलं आणि त्यानं हलू नये म्हणून दोन्ही पाय गच्च दाबून धरले. सुई आत गेली तसा तो असा किंचाळला की डॉक्टरसुद्धा दचकला. घरी येऊन त्याला उभं केलं, तर डावा पाय कापडासारखा दुमडला.

जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात पुष्कळ तपासण्या झाल्या. तिथले डॉक्टर भराभर काहीबाही सांगत होते. त्यातला पोलिओ हा एकच शब्द तिला कळला. तो आहे म्हणाले की नाही म्हणाले, ते तिनं विचारलं नाही. कुणावर तरी तोंड सोडायला तिला तेवढा शब्द पुरला.

तिनं सासूची चूल वेगळी केली. नवरा, धर्मराज, समजावून थकला. अंगणाच्या कडेला पत्र्याची खोली टाकून म्हातारीला तिथं ठेवलं. प्रेम रांगत तिकडं गेला तर ती त्याला ओढून आणायची. गल्लीतल्या बायका चांगुणाबाईच्या हातात आपली लेकरं द्यायच्या बंद झाल्या. म्हातारीनं कधी उलटून उत्तर दिलं नाही.

घरी, वडीगोद्रीला, परतताना जीपमध्ये प्रेम नवा पट्टा मांडीवर घेऊन बसला होता. त्याचा बंद तो लावून-काढून बघत होता. मग म्हणाला, "माय, म्हंजी आजीनं काहीच केलं न्हवतं."

बेबीनंदानं तोंड बाहेर वळवलं.

घरी आल्यावर ती थेट पत्र्याच्या खोलीपाशी गेली. इतक्या वर्षांत तो उंबरा तिनं ओलांडला नव्हता. चांगुणाबाई भाकरी थापत होती. सून आत आलेली बघून ती घाबरली, पीठ लागलेले हात तसेच धरून सरकून बसली.

"काय झालं? पोरगं बराबर हाये ना?"

बेबीनंदा तिच्यापुढं खाली बसली. "आत्या, पोलिओ न्हाई त्याला. सुईनं नस मेली. डॉक्टर नको म्हणत व्हता, म्या हट्टानं द्यायला लावली. पाय बी म्याच दाबून धरले व्हते. तुमची काही चूक न्हवती."

चांगुणाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. चुलीवरची भाकरी करपायला लागली, तरी तिनं ती उलटली नाही. मग पिठाचा हात तिनं अलगद सुनेच्या गुडघ्यावर ठेवला.

"म्हातारीची समजूत काढून राह्यलीस व्हय?" ती म्हणाली. "राहू दे. म्या काय केलं ते मला ठावं हाये. रोज त्याचं पाऊल घासलेलं ऐकते ना मी."

"न्हाई वो आत्या! खरं सांगून राह्यले. म्याच…"

"येडी का काय तू," चांगुणाबाई तिचे डोळे पुसत म्हणाली. "माय कधी आपल्या लेकराला असं करती व्हय?"